जुना संगणक विकण्यापूर्वी नवीन खाते उघडत नाही : यूजर प्रोफाइलच्या फायली गहाळ

प्रश्न

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा हिशेब गेली काही वर्षे मी माझ्या घरच्या डेस्कटॉपवर ठेवत आलो आहे. २०१४ साली घेतलेल्या या संगणकावर तेव्हा विंडोज ७ होते आणि पुढे त्याचे विंडोज १० झाले. आता नवीन लॅपटॉप घेतला असल्यामुळे हा डेस्कटॉप ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला अल्प किमतीत द्यायचा आहे. त्यासाठी मी तिच्या नावाचे नवीन खाते तयार केले आणि सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ फोल्डरमधून आमचे सर्व फोल्डर एकेक करून काढून टाकले, फक्त मी सध्या वापरतो त्या खात्याचा फोल्डर ठेवला. लपलेले फोल्डरही दिसतील अशी सोय केलेली असल्याने तेथे ‘डीफॉल्ट’ नावाचा फोल्डर दिसला. तो कोणाचाच नाही, असे समजून मी तोही काढला आणि नंतर रिसायकल बिनही रिकामा केला.

त्यानंतर नवीन खात्याने प्रवेश करताना ‘द यूजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन, यूजर प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड’ असा संदेश येतो. माझे खाते मात्र नेहमीप्रमाणे उघडते. सिस्टिम फाइल चेकर चालवून पाहिला, त्याला काहीही गैर आढळले नाही. गहाळ झालेल्या फायली परत कशा आणाव्यात आणि संगणक देण्यापूर्वी आणखी काय करावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद १

आपण काढलेला ‘डीफॉल्ट’ फोल्डर कोणा एका व्यक्तीचा नसला, तरी पुढे येणाऱ्या प्रत्येक नवीन वापरकर्त्याचा तो साचा असतो. आपण खाते तयार करतो तेव्हा विंडोज फक्त त्याची नोंद करते. त्या खात्याचा फोल्डर प्रत्यक्षात तयार होतो तो पहिल्यांदा प्रवेश करताना, आणि त्या वेळी ‘डीफॉल्ट’मधील सर्व सामग्रीची प्रत काढली जाते. खाते यादीत दिसते पण उघडत नाही, याचे कारण हेच आहे. आपला स्वतःचा फोल्डर पूर्वीच तयार झालेला असल्यामुळे आपल्याला कोणतीच अडचण आली नाही.

त्या सामग्रीत सर्वांत महत्त्वाची असते ती ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही लपलेली फाइल. वापरकर्त्याची भाषा, कळफलक, डेस्कटॉपची मांडणी आणि प्रोग्रॅमच्या निवडी हे सर्व रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या) ज्या भागात असते, तो भाग या एका फायलीत साठवलेला असतो आणि प्रवेश करताना तीच उघडली जाते. ती नसेल, तर प्रोफाइल, म्हणजे वापरकर्त्याचा फोल्डर आणि त्याच्या सेटिंग्ज, उभेच राहू शकत नाही. फाइल चेकरला काही आढळले नाही, यावरून सर्व काही जागेवर आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण त्याचे काम विंडोजच्या ठरावीक संरक्षित फायली तपासण्यापुरते आहे.

दुरुस्ती शक्य आहे. विंडोजची तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या संगणकावरून संपूर्ण ‘डीफॉल्ट’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन येथे त्याच जागी ठेवावा लागतो. मात्र त्या संगणकावर लपलेल्या फायलींबरोबर ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ही दिसतील अशी सोय करावी, नाहीतर नेमकी हवी असलेली फाइल तेथेच राहून गेल्याचे लक्षात येत नाही. स्वतःच्या चालू खात्याचा फोल्डर ‘डीफॉल्ट’ असे नाव देऊन वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात आपली माहिती आणि आपल्याच नावाचे अधिकार असतात.

इतर खात्यांचे फोल्डर हाताने काढणेही योग्य नव्हते. फोल्डर गेला तरी रजिस्ट्रीच्या ‘प्रोफाइल लिस्ट’मध्ये त्याची नोंद शिल्लक राहते. खात्याचा फोल्डर काढायचा असल्यास सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात ‘यूजर प्रोफाइल्स’च्या सेटिंग्जमधून प्रोफाइल काढावे, म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही एकत्र जातात.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरण अचूक आहे, परंतु संगणक दुसऱ्याच्या हाती जाणार असताना ही दुरुस्ती करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. संस्थेचा हिशेब म्हटला, की सभासदांच्या पॅन आणि आधार कार्डांच्या प्रती, बँकेची पासबुके आणि भाडेकरार त्यात असणारच, आणि ही माहिती आपली नसून आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची आहे. रिसायकल बिन रिकामा केल्यावर हार्ड डिस्कवरील फाइल पुसली जात नाही. तिची जागा मोकळी झाल्याची नोंद तेवढी होते आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमनेही ती परत मिळू शकते.

म्हणून ‘रिसेट धिस पीसी’ निवडून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ करावे, आणि पुढच्या पडद्यावर ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ सुरू करावे. हा पर्याय आपणहून सुरू नसतो. आपल्याकडे बहुतेक जण फोटो आणि कागदपत्रे डी ड्राइव्हवर ठेवतात, त्यामुळे सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही तेथेच निवडावा, नाहीतर सी ड्राइव्ह स्वच्छ होईल आणि डी ड्राइव्ह जसाच्या तसा विद्यार्थिनीकडे जाईल. नव्याने बसलेल्या विंडोजमध्ये ‘डीफॉल्ट’ फोल्डरही नवीन येतो, त्यामुळे आपला मूळ प्रश्न वेगळा सोडवावा लागत नाही.

रिसेट मध्येच थांबले, तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज बसवण्यासाठीचा किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा. तेथे नुसती विभाजने काढून विंडोज बसवल्याने जुनी माहिती नष्ट होत नाही. त्यासाठी स्थापनेच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून येणाऱ्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत डिस्क हाताळणारे ‘डिस्कपार्ट’ उघडावे, ‘लिस्ट डिस्क’ने आकार पाहून योग्य डिस्क निवडावी आणि ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा द्यावी. ती संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते, त्यामुळे ५०० जीबीच्या हार्ड डिस्कला काही तास लागू शकतात. चुकीची डिस्क निवडली गेली तर माघार नाही, म्हणून बाहेरची हार्ड डिस्क आधीच काढून ठेवावी. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवलेली असेल, तर शून्ये लिहिण्यापेक्षा तिच्या उत्पादकाच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ वापरणे अधिक योग्य.

विंडोज १० या संगणकावर पूर्वी सक्रिय झालेले असल्यामुळे त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला आहे. प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) विचारली, तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडावे, पूर्वीचीच आवृत्ती बसवावी आणि इंटरनेट जोडावे.

प्रतिसाद ३

पुसण्यापूर्वीच्या एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संस्थेची जुनी इतिवृत्ते आणि नोटिसा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकित केलेल्या असतील, तर नुसत्या फायलींची प्रत पुरेशी नाही. तो फाँट नवीन लॅपटॉपवर नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतील, आणि पुसून झाल्यावर जुन्या संगणकावरही तो फाँट उरलेला नसेल. म्हणून अशा प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ आत्ताच, याच संगणकावर तयार करावी, आणि जो मजकूर पुढे संपादित करावा लागणार आहे, तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे व रफार नीट आले आहेत का, हे डोळ्यांखालून घालावे. आमच्या वाचनालयाच्या दहा वर्षांच्या इतिवृत्तांच्या बाबतीत ही काळजी घेतली गेली नाही आणि ती सर्व आम्हाला छापील प्रतींवरून पुन्हा टंकित करावी लागली.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. ‘डीफॉल्ट’ फोल्डर दुसरीकडून आणण्याचा विचार मी सोडून दिला. २०१७ पूर्वीची इतिवृत्ते खरोखरच जुन्या फाँटमध्ये निघाली. त्यांच्या पीडीएफ करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या नवीन लॅपटॉपवर उघडून पाहिल्यानंतरच मी पुढे गेलो. रिसेट अर्ध्यावर थांबल्यामुळे पेन ड्राइव्हचा मार्ग घ्यावा लागला. ‘क्लीन ऑल’ रात्री सुरू केले होते, सकाळी उठलो तेव्हा ते पूर्ण झाले होते.

विंडोज बसल्यावर देश निवडण्याच्या पहिल्या पडद्यावरच मी संगणक बंद केला आहे, म्हणजे ती विद्यार्थिनी स्वतःच्या नावाने स्वतःचे खाते तयार करील. माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातील उपकरणांच्या यादीतूनही हा संगणक काढला. विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याचे तिला आधीच सांगितले असून किंमतही त्यानुसार कमी केली आहे. रविवारी तिचे वडील संगणक घेऊन जातील.