मदत हवी आहे: संशोधनात लोकांना 'भागीदार' करायचं म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मधुमेहाच्या एका अभ्यासात समन्वयक आहे. आमच्या भागात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्ती मोठी, पण अभ्यासात नाव नोंदवणारे बहुतेक गोरेच. म्हणून अनुदानाच्या अर्जात आम्ही लिहून टाकलं की या समाजांतले सहा जण आमचे भागीदार असतील. पैसे मंजूर झाले आणि मग आम्ही सहा जण शोधायला निघालो! इथेच माशी शिंकली.

पहिल्या बैठकीला सत्तरीच्या एक बाई आल्या. मी प्रश्नावली वाटली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे सगळं ठरलेलंच आहे. मग आम्ही काय ठरवायचं?" मी म्हटलं, भाषा सोपी करायला मदत करा. त्या नुसत्या हसल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत.

आमचे प्रमुख म्हणतात, टस्कीगीच्या जुन्या सरकारी अभ्यासामुळे विश्वास उडालाय. त्यात १९३२ ते १९७२ सिफिलिसच्या ३९९ कृष्णवर्णीय रुग्णांना, पेनिसिलिन आल्यावरही, उपचाराविना ठेवलं, हे खरंच. पण बाईंनी टस्कीगीचं नावही काढलं नव्हतं. त्यांची तक्रार त्या दिवशीच्या बैठकीबद्दल होती. जुन्यांच्या पापाआड आपलं आजचं झाकणं सोयीचं असतं.

दुसऱ्या एकाने विचारलं, "उरलेल्या रक्ताचं काय करता?" प्रश्न रास्तच. अॅरिझोनात हवासुपाई या मूळनिवासी जमातीच्या लोकांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं आणि स्किझोफ्रेनियाच्या संशोधनालाही वापरलं. २०१० साली संशोधन करणाऱ्या विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले, नमुनेही परत करावे लागले. आमच्या संमतीपत्रात 'भविष्यातील संशोधन' एवढं एकच मोघम वाक्य आहे.

शिवाय मानधन. आम्ही सगळे पगारी, त्यांना २५ डॉलरचं गिफ्ट कार्ड. जास्त द्यायचं तर हिशेब विभागाला सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) हवा. एका गृहस्थांनी तो फॉर्म उलटा ठेवला आणि हवामानाच्या गप्पा सुरू केल्या. मीही पुढे विचारलं नाही.

आता प्रश्नावली बदलायची तर आयआरबीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, आणि प्रमुख वैतागतील. कुणी केलंय का हे? मानधनाचं कसं जमवलंत?

प्रतिसाद १:
आयआरबीला सुधारणा नवीन नाहीत, घाबरू नका. मानधन आम्ही स्थानिक संस्थेमार्फत देतो. अनुदानातला वाटा त्यांच्या नावे, वाटप त्यांच्या हाती. आणि बाईंकडे तुम्ही स्वतः जा, पण प्रश्नावली न घेता. काय शोधायला हवं ते त्यांनाच विचारा.

धागाकर्ती:
आभार. बाईंना फोन केला. म्हणाल्या, "या. पण येताना तुमच्या प्रमुखांना घेऊन या." प्रमुखांना अजून सांगितलेलं नाही.