पद्मिनीचे हेडलाइट मंद, स्विच गरम: मदत हवी आहे

मंडळी, इंदूरमध्ये जुन्या गाड्या सांभाळणारं कुणी इथे आहे का? बाबांची १९८४ची पद्मिनी आहे. ब्रेक दाबला की मागचा डावा पार्किंग दिवा मंद व्हायचा, इंडिकेटरही अडखळायचा. होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती वायर ओढली आणि सगळं सुरळीत झालं. म्हणजे अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची जोडणी) गंजलं होतं, करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढत होता. तेवढं घासून घेईन.

खरं दुखणं हेडलाइटचं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट, पण दिवे लावून बल्बच्या कनेक्टरवर मोजले तर जेमतेम ११.५. अर्थच्या बाजूला ड्रॉप (व्होल्टेजची घट) नगण्य, म्हणजे व्होल्टेज हरवतंय ते प्लसच्या वाटेवरच. बल्ब साधे ६०/५५ वॅटचे. दोन्ही मिळून साधारण १० अँपिअर त्या म्हाताऱ्या स्विचमधून जातात आणि स्विच चांगलाच तापतो. फ्यूजच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या, फरक किंचित पडला.

आता स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ करू, की सरळ लो आणि हाय बीमसाठी वेगळे रिले टाकू (म्हणजे जुन्या स्विचमधून थोडाच करंट जाईल आणि दिव्यांना थेट बॅटरीकडून मिळेल)? मूळ वायरिंग न कापता रिले बसवलेत का कुणी? बॅटरीकडून २.५ चौरस मिमीची वायर पुरेल ना? आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, "एलईडी टाका, कटकट मिटेल." पण जुन्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा प्रकाश भलतीकडे फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात, मला ते नको.

आणि सियागंजात किंवा छावणीत जुना स्विच न फोडता उघडणारा कुणी असेल तर जरूर सांगा. रात्री महूकडे जाणं होतं, म्हणून घाई.