जुन्या वॅगनआरमध्ये खरंच नफा सुटतो का?

वाईचा_होतकरू
नमस्कार मंडळी. जुन्या गाड्या घेऊन, नीट करून विकायचा विचार आहे. भांडवल दीड लाख. समोर २०१२ ची वॅगनआर एलएक्सआय आहे. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, तिसरा मालक, एमएच १२ पासिंग. मागणी १,१५,०००. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे, पण हप्ते फिटलेत म्हणतात. सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिनिटभर मिसिंग (इंजिन अडखळतं), मग व्यवस्थित. डेंटिंग-पेंटिंग करून १,६५,००० ला जाईल असं वाटतं. काय तपासू आणि खर्च कुठे करू?

आरसी_आधी
बोजा मालकालाच उतरवायला लावा. कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) लागतो. दोन-पाच हजारांचं टोकन द्या, लेखी घ्या, आणि आरसीवरचा बोजा निघाल्यावरच बाकीचे पैसे. कंपनी बंद पडलेली किंवा दुसरीत विलीन झालेली असेल तर या कागदासाठी महिने जातात. तेवढे दिवस तुमचं भांडवल अडकलेलं परवडणार नाही.

आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. नुसतं ‘पेट्रोल’ असेल तर किट नोंदलेलंच नाही, म्हणजे विम्याच्या क्लेमला अडचण आणि ट्रान्सफरलाही. नोंद असेल तर गॅस सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झालीय का, ते प्लेटवर वाचा.

चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे उठले पाहिजेत. बाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर तिथूनच परत फिरा. ई-चलन आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटचंही विचारून घ्या. १५ वर्षं जवळ आलीत. पुढचं गिऱ्हाईक फेरनोंदणीचे ५,००० आणि वर हरित कर धरूनच भाव पाडणार.

तीन_सिलेंडर
मिसिंगवर प्लग बदलून मोकळे होऊ नका. सीएनजीवर फार चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) झिजते, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची फट) कमी होतो आणि थंड इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. म्हणून मिसिंग सकाळीच येतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, गेज लावून मोजा. तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरची जोडणी काढलेली, बॅटरी पूर्ण चार्ज, ॲक्सिलरेटर तळाला. तीन आकड्यांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोहून (१४ पीएसआय) जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग). शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच कमी असतील तर मधलं गॅस्केट धरा. या के-सिरीज इंजिनात क्लिअरन्ससाठी स्क्रू नाही, वेगळ्या जाडीचे टॅपेट टाकावे लागतात. त्यामुळे ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून लांब राहा.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून स्टार्ट करा. गरम असताना अजिबात नको. पाण्यात बुडबुडे सतत येत राहिले तर हेड उतरवायचा खर्च नक्की. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. थंडीत सुरुवातीला खडखड आली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही असं समजा.

लांबी_पुट्टी
पूर्ण पेंट करू नका. नवा रंग दिसला की गिऱ्हाइकाला पहिली शंका ॲक्सिडेंटची येते. बंपर आणि ओरखडे टच-अप, बाकी रबिंग-पॉलिश. कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीला फिरवा; जिथे सुटतं तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि कार्पेटखाली हात घालून ओल-गंज बघा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत मातीची रेघ, सीटच्या रेल्सना गंज, फ्यूजबॉक्समध्ये हिरवट पूड म्हणजे पुराची गाडी. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर लक्षात ठेवा. अशा गाडीची वायरिंग वर्षभर त्रास देते, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

वाईचा_होतकरू
खूप आभार सगळ्यांचे. गाडी माझ्या नावावर करावी का? एजंट म्हणतो टीटी फॉर्मवर (मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०) सह्या घेऊन ठेवा, थेट गिऱ्हाइकाच्या नावावर करू.

आरसी_आधी
तुमच्या नावावर केली तर पुढचा माणूस पाचवा मालक होतो आणि भाव पडतो, हे खरं. पण नुसत्या सह्यांच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर गाडी फिरवली आणि अपघात झाला तर भरपाई नोंदणीकृत, म्हणजे जुन्या, मालकाच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. कायम धंदा करणार असाल तर परिवहन खात्याचं अधिकृत डीलर प्रमाणपत्र घ्या. १ एप्रिल २०२३ पासून ती सोय आहे, पाच वर्षं चालतं. मग गाडी तुमच्याकडे असेपर्यंत कायदा तुम्हालाच मालक (मानीव मालक) धरतो, गाडी फक्त ट्रायल, दुरुस्ती वगैरेसाठी काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची.

लांबी_पुट्टी
१,६५,००० विसरा, १,५०,००० धरा. ऑइल-फिल्टर-प्लग ३,०००, पुढचे दोन टायर ७,०००, लोअर आर्म आणि बुश ३,०००, टच-अप-पॉलिश ५,०००, आरटीओ आणि एजंट ५,०००, थर्ड पार्टी विमा २,०९४ अधिक जीएसटी, आणि हेडच्या कामाची तजवीज १५,०००. झाले साधारण ४०,०००. वीस हजार सुटायचे तर खरेदी नव्वदच्या वर जाता कामा नये. कॉम्प्रेशनचे तीन आकडे कागदावर लिहून मालकासमोर ठेवा आणि पंच्याऐंशीपासून बोलायला सुरुवात करा.