कॅमेरा बंद म्हणजे पोरगं गायब, असं नसतं

‘ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद असेल तर हजेरी मांडूच नये’ असं एका सरांनी लिहिलंय. नाव लावून झोपा काढणारे मीही पाहिलेत, त्यांची बाजू घेत नाही. पण २०२०-२१ च्या हंगामात माझ्या वर्गातली धारूर तालुक्यातली (बीड जिल्हा) एक मुलगी आई-बापासोबत ऊसतोडीला गेली होती. तास ऐकायची ती साखर कारखान्याच्या तळावरच्या कोपीतून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतून. कॅमेरा लावला तर मागं चूल, भांडी, धाकटी भावंडं, सगळ्या वर्गाला दिसणार. त्यात घरात फोन एकच, आणि तोही मजूर नेणाऱ्या मुकादमाचा फोन आला की बापाकडं. मी दोनदा सगळ्यांसमोर टोकलं तिला. (आजही आठवलं की कसंतरी होतं.) शेवटी कॅमेऱ्याची अट काढली आणि तासाच्या मध्येच कुणालाही प्रश्न विचारून उत्तर चॅटमध्ये लिहायला लावू लागलो. झोपणारे आठवड्यात उघडे पडले.

उशिरा आलेल्या असाइनमेंटला शून्य द्यावं की नाही, यावर एनपीटीईएलची (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स चालवणारा उपक्रम) पद्धत बघा. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठच असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला सहा. मुदत पाळायचीच, पण बारातल्या चार हुकल्या तरी पोरगं बुडत नाही. आमच्याकडं डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की आठ-आठ दिवस लाईट नसते, तिथं प्रत्येकाचा अर्ज आणि कारण तपासत बसण्यापेक्षा हे बरं पडतं. मी दहातल्या सात धरतो.