मदत हवी आहे: लाडलीचे पैसे येणं बंद झालंय

दोन_पिलांची_आई
नमस्कार. लाडलीचे पैसे दिवाळीनंतर आलेलेच नाहीत. आधी व्यवस्थित येत होते. आधार जोडलेलं आहे, केवायसी झालेली आहे, खातं चालू आहे. बँकेत विचारलं तर झोनवर (पालिकेच्या विभाग कार्यालयात) जा म्हणतात, झोनवर गेलं तर बँकेत जा म्हणतात. शेजारणीला येतात, आम्ही दोघींनी फॉर्म एकत्रच भरले होते. घरात शाळेत जाणारी दोन मुलं आहेत, त्या पैशांतूनच व्हॅनवाल्याचं भागायचं.

दुसरं म्हणजे ह्यांचा पगार वाढायचाय. त्यामुळे नाव कापलं असेल का? पण अजून वाढलेला नाही. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, घाई आहे.

नाशिककर_दादा
ताई, ई-केवायसी पुन्हा करा. लाडकी बहीणच्या संकेतस्थळावर आधी तुमचा आधार क्रमांक, मग पतीचा किंवा वडिलांचा. दोन्ही ओटीपी लागतात. आमच्या वहिनीचं पतीच्या ओटीपीपाशीच अडलं होतं.

दोन_पिलांची_आई
दादा, लाडकी नाही, लाडली. केवायसी झाली आहे असं वर लिहिलंय.

शिक्षिका_सुदामानगर
मुलगी आहे ना? लाडली लक्ष्मीत नाव असेल तर पैसे दर महिन्याला नाही येत. सहावीत गेली की २०००, नववीत ४०००, अकरावी आणि बारावीला ६०००-६०००. अंगणवाडीत वेळेवर नोंद झाली होती का ते बघा. आमच्या शाळेत कितीतरी आया हे मागायलाच येत नाहीत, मुली सातवीत पोचलेल्या असतात.

रामबाग_काका
झोन म्हणताय म्हणजे तुम्ही आमच्या इंदूरच्या. मग ही लाडली बहना, मध्य प्रदेशची. मंडळी, महाराष्ट्रातल्या योजनेचे उपाय इथे चालायचे नाहीत. आमच्याकडे सगळं समग्र आयडीवर, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकावर चालतं.

सूनबाई, एक विचारतो. सासू-सासऱ्यांबरोबर राहता का? समग्रमध्ये सगळे एकाच कुटुंबात आहात का? सासऱ्यांना पेन्शन आहे का? असेल तर तिथेच गोम आहे. समग्र वेगळं करून घ्या. मी आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांचं करून दिलंय.

कियोस्कवाली
काका, कृपा करून असं सांगू नका! मी परदेशीपुऱ्यात कियोस्क चालवते, रोज हेच बघते. लाडली बहनाच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं. सासऱ्यांची पेन्शन त्यात धरत नाहीत. उलट चालू असलेल्या नावाचं समग्र हलवलं आणि चुकून सदस्य आयडी डिलीट झाला, तर आत्ता एक हप्ता अडलाय तो कायमचा अडेल. नवीन नोंदणी २०२३ मध्येच बंद झाली आहे, परत नाव घालायला वाट नाही.

ताई, तुम्ही फक्त एवढं सांगा. पोर्टलवर ‘आवेदन एवं भुगतान की स्थिति’मध्ये समग्र सदस्य आयडी टाकला तर काय दिसतं? नऊ आकडी आयडी टाका, आठ आकडी कुटुंबाचा असतो.

रामबाग_काका
मी सांगतो ते अनुभवावरून सांगतो. नियम कागदावर एक असतात, बाबू लोक लावतात वेगळे.

कियोस्कवाली
अनुभव मलाही आहे काका. पण रोग कळायच्या आधी ऑपरेशन नको.

दोन_पिलांची_आई
सासू-सासरे धाकट्या दिरांकडे असतात, समग्र आमचं चौघांचंच आहे. पोर्टलवर बघितलं. भुगतान सफल असं लिहिलंय. प्रत्येक महिन्याचं! मग पैसे गेले कुठे? कोणी खाल्ले का?

स्पष्टवक्ता_७
मूळ प्रश्न वेगळाच आहे. सरकारने हातात पैसे का द्यावेत? रोजगार द्या, सांवेर रोडचे कारखाने नीट चालवा. असल्या योजनांनी राज्यं कर्जात बुडतील.

पीथमपूरकर
स्पष्टवक्ता, ताईंचा नवरा कामाला जातोच आहे की. दिवसभर राबून घर पुरत नाही म्हणून हे पैसे लागतात. तुमच्या मुद्द्यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

नाशिककर_दादा
पण तुमच्या योजनेवरूनच आमची आली ना? तुमची २०२३ ला, आमची २०२४ ला. तुम्हाला सुरुवातीला हजारच होते, आम्हाला पहिल्यापासून १५००.

रामबाग_काका
हजाराचे १२५० झाले, आता १५०० झालेत. आणि हो, सुरुवात आमच्याकडूनच झाली, जून २०२३ चा पहिला हप्ता.

कियोस्कवाली
ताई, सफल दिसतंय म्हणजे पैसे तुमच्या नावावरच जमा झालेत, फक्त दुसऱ्या खात्यात. हे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारवर जातात. ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी सीड झालं (जोडलं गेलं) असेल तिथे जातात. दिवाळीच्या सुमारास कुठे नवीन खातं उघडलंत का? पोस्टात, बचत गटात, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, कुठेही? आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग’ बघा, बँकेचं नाव येईल. साधा फोन असेल तर *९९*९९*१# लावा.

दोन_पिलांची_आई
गटाच्या कर्जासाठी एक खातं उघडलं होतं. पण ते कर्जाचं आहे, त्याचा लाडलीशी काय संबंध? माझं खातं जुनंच आहे, पासबुक माझ्याकडे आहे.

कियोस्कवाली
तेच. खातं उघडताना अंगठा घेतला असेल, फॉर्मवर सरकारी अनुदान याच खात्यात घेण्याची संमती असते. एजंट बाई विचारत नाहीत, खूण करून टाकतात. आधी सीडिंग बघा.

लेस्टरवासी
मी इंग्लंडमध्ये राहते, माहेर इंदूरचंच. इथे कमी पगाराच्या, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना सरकार पैसे देतं. आधी वर्किंग टॅक्स क्रेडिट आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट होतं, २००३ पासून. एप्रिल २०२५ मध्ये ते संपलं, आता सगळं युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये. पगार वाढला की मदत एकदम बंद होत नाही. मुलं असतील तर कमाईचा काही भाग आधी सोडून देतात, त्यावरच्या प्रत्येक पाउंडामागे ५५ पेन्स कापतात. म्हणजे जास्त कमावलं तर हातात थोडं तरी जास्तच येतं. आपल्याकडे असं का करत नाहीत?

रामबाग_काका
बाळा, तिकडचं तिकडे. इथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला २.५ लाखांची रेघ आहे. रेघेच्या आत आहात तर पूर्ण, बाहेर गेलात तर शून्य.

पीथमपूरकर
लेस्टरवासींचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, कारण ताईंचा दुसरा प्रश्न नेमका तोच आहे आणि कोणी उत्तर दिलं नाही. मी एका कारखान्यात वेतनाचं काम बघतो. ताई, आत्ता पगार किती आणि किती होणार?

दोन_पिलांची_आई
आत्ता १७ हजार, ओव्हरटाइम वेगळा. सुपरवायझर केलं तर २१,५००. हे म्हणतात नको, लाडली पण जाईल आणि दवाखान्याचं कार्ड पण जाईल. धाकट्याला दम्याचा त्रास आहे, त्याचं सगळं कार्डावर चालतं. मालकांना उत्तर द्यायचंय.

पीथमपूरकर
हे आधी सांगायला हवं होतं, हाच खरा पेच आहे. हिशेब मांडू. २.५ लाख वर्षाचे म्हणजे महिन्याला २०,८३३. नवीन पगारावर वर्षाचे २,५८,००० होतात, रेघेच्या पलीकडे. लाडलीचे वर्षाला १८,००० जातील. पण पगार महिन्याला ४५०० ने वाढतो, म्हणजे वर्षाला ५४,०००. पीएफ कदाचित थोडा जास्त कापला जाईल, तरी पारडं पगाराकडेच झुकतं. शिवाय पीएफ त्यांचाच आहे.

कार्डाचं मात्र नीट समजून घ्या. ते ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं. ईएसआयची मर्यादा महिन्याला २१,००० पगाराची आहे आणि त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत. मर्यादा ओलांडली तरी चालू अंशदान काळ (वर्गणी कापायचा सहा महिन्यांचा काळ) संपेपर्यंत कापणं सुरू राहतं. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. म्हणजे एप्रिलच्या पगारापासूनच वाढ झाली तर कापणं लगेच थांबेल, आणि उपचार मागच्या काळाच्या जोरावर काही महिनेच मिळतील. वाढ एप्रिलनंतर, मे महिन्यात लागली तर सप्टेंबरपर्यंत कापलं जाईल, आणि त्या काळाच्या जोरावर पुढेही काही महिने उपचार मिळतात. मालकांशी बोलताना तारखेचंच बोला.

शिक्षिका_सुदामानगर
दम्याच्या मुलासाठी हे कार्ड फार मोलाचं आहे. पाचशे रुपये वाढीच्या नादात ते घालवू नका, २१,००० वरच थांबता येईल का विचारा.

पीथमपूरकर
बाईंचं बरोबर आहे. २१,००० ला कार्ड टिकेल. लाडली तरीही जाईल, वर्षाचे २,५२,००० होतात. पण मुलाचे इनहेलर आणि नंदानगरचं ईएसआय रुग्णालय हातात राहील. मी असतो तर हेच मागितलं असतं.

रामबाग_काका
आणि ओव्हरटाइम उत्पन्नात धरतात की नाही?

पीथमपूरकर
कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न म्हटलं की जे हातात येतं ते सगळं धरायचं. म्हणूनच म्हणतो, लाडलीच्या भरवशावर बढती नाकारू नका. पगार चढला तर पुढे ग्रॅच्युइटी त्या चढलेल्या पगारावर मोजली जाते.

दोन_पिलांची_आई
सीडिंग बघितलं. कर्जवाल्या बँकेचंच नाव आलं. तिथे जाऊन खात्याचा कागद काढून घेतला. लाडलीचे सगळे हप्ते तिथेच पडत होते आणि दर वेळी गटाचा हप्ता म्हणून लगेच कापले जात होते! मी गटात रोख भरत होते ते वेगळंच. आता काय करू?

कियोस्कवाली
दोन कामं करा. एक, जुन्या बँकेत पासबुक आणि आधार घेऊन जा, आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा आणि पोच घ्या. पुढचा हप्ता निघायच्या आत नोंद व्हायला हवी. नवीन खातं बंद करायची गरज नाही. दोन, कर्जवाल्या बँकेत लेखी अर्ज द्या की रोख भरलेला हप्ता आणि खात्यातून कापलेला हप्ता असे दुहेरी पैसे गेलेत, हिशेब द्या. रोख भरल्याच्या पावत्या जोडा. ऐकलं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी लागत नाही. १८१ वर (मुख्यमंत्री हेल्पलाइनला) फोन करून उपयोग नाही, सरकारच्या बाजूने पैसे गेलेले आहेत.

दोन_पिलांची_आई
पावत्या गटाच्या अध्यक्षांकडे आहेत. उद्या घेते. पगाराचं ह्यांना वाचून दाखवलं, २१,००० चं विचारणार आहेत.

नवीन_सदस्य_देवास
माझ्या नणंदेचं नाव २०२३ मध्ये राहिलं, तिला आता कुठे फॉर्म मिळेल?

कियोस्कवाली
सध्या कुठेच नाही. कोणी पैसे मागून फॉर्म भरून देतो म्हणाला तर देऊ नका.