लायसन्स, लाइफटाइम, ॲज इज : कोटेशनमधल्या शब्दांचे अर्थ

छापखानावाला :
आमचं लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचं छोटं काम आहे. नव्या संगणकांसाठी सॉफ्टवेअरची कोटेशनं मागवली, तर किमतींपेक्षा शब्दांनीच घाम फोडला. 'पर्पेच्युअल', 'नोड-लॉक्ड', 'ओईएम', 'ॲज इज'. विक्रेत्याला विचारलं तर 'लाइफटाइम आहे, बिनधास्त घ्या' एवढंच उत्तर. नेमके अर्थ कोणी सांगेल का? आणि परवाना म्हणजेच लायसन्स ना?

कारकून :
हो, तेच. पण दुकानदाराला 'परवाना' म्हटलं की शॉप ॲक्ट आठवतो, म्हणून लायसन्सच म्हणू. अर्थ परवानगी, मालकी नव्हे. तुम्ही छपाईतले आहात, तेव्हा पुस्तकाचंच घ्या : प्रत तुमची, पुनर्मुद्रणाचा हक्क तुमचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये याहून कडक मामला असतो. पुस्तक रद्दीत विकता येतं, पण लायसन्स दुसऱ्याला द्यायला बहुतेक करारांत मनाई असते किंवा कंपनीची संमती लागते.

आपल्याकडे हे न्यायालयातही गाजलं आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअरला विक्रीकरासाठी 'माल' मानलं. मग २०२१ मध्ये प्रश्न आला की परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरपोटी दिलेले पैसे रॉयल्टी धरून त्यावर कर कापायचा का. न्यायालय म्हणालं, नाही. घेणाऱ्याला फक्त वापरायची मुभा मिळते, कॉपीराइटमधला कुठलाच हक्क मिळत नाही. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत असलेल्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढता येते. बॅकअप म्हणजे शेजारच्या दुकानातल्या संगणकावर चढवून दिलेली प्रत नव्हे, हे सांगायला नको.

आता 'लाइफटाइम'. कायद्याच्या कागदात सहसा 'पर्पेच्युअल' असतं, म्हणजे वापराच्या हक्काला मुदत नाही. विक्रेत्याच्या तोंडचं 'लाइफटाइम' मात्र कोणाचं आयुष्य ते सांगत नाही : तुमचं, संगणकाचं, की त्या आवृत्तीचं? पानं जुळवायचं पेजमेकर ७ हे २००१ साली आलं, पुढची आवृत्ती निघालीच नाही. ज्यांनी तेव्हा रीतसर घेतलं त्यांचा हक्क शाबूत आहे, पण नव्या विंडोजवर ते नीट चालवून देणं कोणावरही बंधनकारक नाही. कित्येक छापखान्यांत एक जुना संगणक केवळ त्यासाठी जपून ठेवलेला असतो. टॅलीचंही उदाहरण घ्या : लायसन्स कायमचं, पण टीएसएस, म्हणजे अपडेट आणि सपोर्टचं वर्गणीचं पॅकेज, हे वर्षागणिक रिन्यू करायचं. ते संपलं तरी हिशेब लिहिता येतात, नवी रिलीज आणि ऑनलाइन सोयी थांबतात. म्हणजे हक्क, अपडेट आणि सपोर्ट या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि 'लाइफटाइम' या एका शब्दाखाली तिन्ही खपवल्या जातात. कोटेशनमध्ये तिन्ही वेगळ्या ओळींत लिहून मागा. विक्रेता कुरकुरला तर समजा की प्रश्न बरोबर आहे.

नोड-लॉक्ड म्हणजे एकाच संगणकाला बांधलेलं, कधी कीने (सांकेतिक क्रमांकाने), कधी डोंगलने (संगणकाला लावून ठेवायच्या छोट्या उपकरणाने). फ्लोटिंग म्हणजे दहा ठिकाणी टाका, पण एका वेळी ठरल्याइतकेच जण वापरणार. ओईएम विंडोज संगणकासोबत येतं आणि त्याच संगणकापुरतं असतं. मदरबोर्ड बदलला की कटकट होऊ शकते. रिटेल थोडं महाग, पण दुसऱ्या संगणकावर नेता येतं.

अक्षरवेडा :
'ॲज इज'ला शोधून मराठी घडवायची गरज नाही. पेपरातल्या बँकेच्या लिलावाच्या नोटिसा बघा : 'जसे आहे जेथे आहे'. तोच अर्थ. चालेल याची हमी नाही, बिघडलं तर भरपाई नाही. बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये हे कलम असतं, आणि फुकट मिळत असताना ते वाजवीच आहे. पण पैसे मोजून घेतलेल्या पॅकेजमध्येही तेच वाक्य बारीक अक्षरांत सापडतं, तेव्हा वॉरंटीचं कलम आधी वाचा.

तुमच्या कामात खरी मेख फॉन्टची आहे. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असा फॉन्ट फुकट उतरवून गिऱ्हाइकाची पत्रिका छापली, की तो व्यावसायिक वापर झाला. पत्रिका घरच्या लग्नाची असली तरी पैसे तुम्ही घेताय ना! याउलट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे : छापा, बदला, वाटा, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका. त्यात छापलेल्या मजकुरावर कसलंच बंधन येत नाही.

इंग्रजीतल्या 'फ्री'ने जो घोळ घातला तो मराठीत होऊ नये, आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन शब्द आहेत. फ्रीवेअर फुकट असतं, पण सोर्सकोड (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर) मिळेलच असं नाही. जीपीएल या मुक्त लायसन्सखालचं सॉफ्टवेअर पैसे घेऊनही विकता येतं, फक्त सोर्सकोड आणि पुढे वाटायचा हक्क गिऱ्हाइकाला द्यावा लागतो.

छापखानावाला :
दोघांचे आभार. आता आणखी एक. सोबतच्या माहितीपुस्तिकेत एका सोयीपुढे 'डेप्रिकेटेड' लिहिलंय. आमचे हिशेबनीस म्हणतात हा घसारा.

कारकून :
घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, हा शब्द वेगळा. डेप्रिकेटेड म्हणजे ती सोय आज चालते, पण पुढे काढून टाकणार आहेत. नवं काम तिच्यावर उभारू नका. 'एंड ऑफ सपोर्ट' ही त्यापुढची पायरी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आता आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळी मुदतवाढ घ्यावी लागते.

पुस्तिकेत आणखी एक बघा. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे, 'शुड' म्हणजे करावं, सबळ कारण असेल तर टाळता येतं, 'मे' म्हणजे तुमची मर्जी. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत या शब्दांचे अर्थ १९९७ सालीच ठरवून दिलेत. तुमच्या पुस्तिकेत बॅकअपपुढे यातला कोणता शब्द आहे ते इथे टाका, मग पुढचं सांगतो.