‘स्ट्रीट फर्निचर’ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय, त्यात ‘स्ट्रीट फर्निचर’वर अडलोय. म्हणजे रस्त्याकडंची बाकडी, दिव्याचे खांब, कचरापेट्या, बसथांबे, टपालपेटी, गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेले ते बुटके खांब, असं सगळं एकत्र. ‘पथ-उपस्कर’ लिहिलं तर आमच्या कोल्हापुरात, शिवाजी पेठेत कुणाला कळायचं नाही, आणि ‘रस्त्यावरचं फर्निचर’ म्हटलं की लोकांना विकायला मांडलेली कपाटं डोळ्यापुढं येतात. सुचवा काहीतरी.

— दादा, फर्निचर शब्दच सोडा की. घर बदलताना टेम्पोत घालून नेतात ते फर्निचर, हे तर सिमेंटात पुरलेलं. आपल्याकडं एकेकाला पक्कं नाव आहे, झाडाभोवती बांधला की पार, घरापुढं असला की ओटा, टपरीपुढं असतं ते बाकडं, आणि कट्टा म्हणजे ज्यावर किती जण बसायचे ते ठरलेलं नसतं, जरा सरका म्हटलं की अजून एक मावतो. गंगावेशीतला दूध कट्टा बघा, म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात, पिणारे निम्मे उभेच असतात तरी फोनवर सांगणार ‘कट्ट्यावर हाय’. कट्टा हे त्या जागेचं आन तिथल्या माणसांचं नाव झालंय, बाकड्याचं तसं कधी होत नाही. सगळ्याला मिळून मी तरी ‘पथसोयी’ म्हणेन.

— ताई, सोयी आवडलं, पण बुटका खांब सोय कशी? तो तर अडवतोय.

— गाडीला अडवतो म्हणून तर चालणाऱ्याची सोय होते. रस्ते कसे बांधायचे त्याचे नियम सुचवणारी संस्था आहे ना, इंडियन रोड्स काँग्रेस, तिच्या २०१२ च्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे, चालायला निदान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा मोकळी पाहिजे, खांब-पेट्या-बाकडी कडेच्या पट्ट्यात. तेच फुटपाथच्या मधोमध आलं की अडचण. माझ्या आईचे गुडघे दुखतात, अंबाबाईला जाताना ती एका दुकानाच्या पायरीवर बसते, दुकानदार काही बोलत नाही तरी गिऱ्हाईक आलं की लगबगीनं उठते. तिला विचारलं इथं काय पाहिजे, तर म्हणाली ‘जरा टेकायला कायतरी’. तेव्हा शब्द पथसोयी ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथं ‘टेकायला, थांबायला, उजेडाला रस्त्यावर लागतं ते’ एवढं जोडा, आईलाही कळेल.